जाधवकाकांचा करडा ट्रान्सफॉर्मर

“करू वर?” जाधवकाकांनी विचारलं. ते स्टुलावर चढून मीटरच्या पेटीशी उभे होते.

“करा,” मी खालून म्हणालो.

काकांनी एमसीबीचा खटका वर केला. पंखा फिरायला लागला. मी खाली वाकून ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं. टक्! खटका खाली. पंखा बंद, फ्रिज बंद.

“करू वर?” काकांनी पुन्हा उत्साहाने विचारलं. त्यांना या कामात मजा यायला लागली होती.

“उतरा आधी,” काकांच्या बायको प्रमिलाताई म्हणाल्या. “पडलात तर रविवारी मंडपात प्लॅस्टर घालून बसाल.”

मंडप रविवारचा होता आणि आज गुरुवार होता. प्रमिलाताईंची भाची शलाका, तिचं लग्न. पलंगावर एक पांढरी साडी जुन्या चादरीवर पसरून ठेवली होती. एका काठावर फिकट निळ्या धाग्याने भरलेली पिंपळपानं ओळीने निघाली होती आणि मध्येच थांबली होती. शेवटचं पान अर्धं होतं. त्याच्यापुढे नुसता पांढरा काठ, आणि पदर तर अजून कोराच.

हे सगळं मी त्या वेळी नीट पाहिलं नाही. मी खटक्याकडे पाहत होतो आणि चेहरा विचारी ठेवायचा प्रयत्न करत होतो. आमच्या धंद्यात कारण सापडेपर्यंत चेहऱ्यावरच भागवावं लागतं.

माझं लालबागला छोटं वर्कशॉप आहे. ट्रान्सफॉर्मर आणि स्टॅबिलायझरचं वाइंडिंग करतो, म्हणजे त्यांच्या तारा गुंडाळतो. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो, आणि माझी बायको सुषमा मला चालवते. नातेवाइकांत मी इंजिनीयर म्हणून ओळखला जातो. खरं म्हणजे मी डिप्लोमा. ही बढती मला आईने लग्न जमवताना दिली. सुषमाला खरा प्रकार समजला तेव्हा फार उशीर झाला होता, असं ती म्हणते.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, ते सांगतो. घाबरू नका, सोपं आहे. लोखंडाच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा आणि त्याच्यावर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसतात. तरी एकीत आपल्या घरातली वीज सोडली की दुसरीतून वीज मिळते. किती व्होल्टची, ते वेढ्यांवर ठरतं. दुसऱ्या गुंडाळीचे वेढे पहिलीच्या निम्मे, तर व्होल्टेजही निम्मं. आत जातं ते इनपुट, बाहेर येतं ते आउटपुट. एवढ्यावर आमचं घर चालतं.

आता प्रमिलाताईंना ट्रान्सफॉर्मर कशाला हवा? तर त्यांचं भरतकामाचं मशीन जपानी आहे. मुलगा बोटीवर नोकरीला, त्याने तिकडून आणलं. नक्षी एकदा त्याच्या पोटात भरून ठेवली की ते आपलं आपण भरत जातं. पण जपानच्या घरात वीज शंभर व्होल्टची. आपल्याकडे दोनशे तीस. तुमच्या मोबाइलच्या चार्जरवर, भिंग घेऊन बघा, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, इनपुट शंभर ते दोनशे चाळीस. म्हणजे तो जावई कुठल्याही सासुरवाडीला जेवतो. प्रमिलाताईंच्या मशीनवर फक्त शंभर लिहिलेलं. त्याला दोनशे तीस दिले की संपलं. म्हणून मध्ये माझा ट्रान्सफॉर्मर. दोनशे तीस घ्यायचे, शंभर द्यायचे. गेल्या वर्षी मीच बनवून दिला होता आणि वर्षभर त्याने तक्रारीला जागा ठेवली नव्हती.

“मशीन तर नाही ना गेलं?” प्रमिलाताईंनी विचारलं. हाच प्रश्न त्यांनी मला फोनवरही विचारला होता.

“मशीन जोडलेलंच नाही आत्ता. मी काढून ठेवलंय. तरी खटका पडतोय. म्हणजे दोष अलीकडे आहे.”

“पण सकाळी पहिल्यांदा पडला तेव्हा जोडलेलं होतं.”

“बघू,” मी म्हणालो. हा आमच्या धंद्यातला सर्वात जास्त वापरला जाणारा शब्द आहे. डॉक्टरही वापरतात.

“तोपर्यंत बाहेरून कुठून करून घेतली साडी तर?” मी चाचरत सुचवलं.

प्रमिलाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मनातल्या मनात वाक्य परत घेतलं. “परबभाऊ, ही माझ्या वहिनीची लग्नातली साडी आहे. शलाकाच्या आईची. वहिनी गेली तेव्हा पोर शाळेत होती. तिला हीच नेसायची आहे. कोरी होती म्हणून म्हटलं, आत्याचा हात लागू दे. ती मी बाहेर देऊ? आणि दुसऱ्या मशीनची पानं या पानांशी जुळायची नाहीत. अर्ध्या पानाच्या पुढे दुसऱ्याचं अर्धं पान, कसं दिसेल ते?”

मी ट्रान्सफॉर्मरकडे वळलो. आणि तेव्हा मला जाणवलं की मघापासून काहीतरी वेगळं दिसतंय. डबा करडा होता. मी दिला तेव्हा काळा होता.

“रंग बघितलास काय, परबा?” काका लगेच पुढे सरकले. याचीच वाट बघत असावेत.

जाधवकाका माझगावच्या गोदीत रंगारी होते. अख्ख्या बोटी रंगवून रिटायर झाले. बोटीवर गंज म्हणजे दुश्मन, आणि तो चारी बाजूंनी येतो, असा त्यांचा सिद्धांत. घरी बसल्यावर त्यांनी हा लढा परळच्या दोन खोल्यांत चालू ठेवला. आता तर लग्नघर. भाचीचं केळवण घरी होणार, पाहुणे येणार, म्हणून त्यांनी घराला रंग काढला होता. भिंती झाल्या, दारं झाली. डब्यात रंग उरला तसा स्टूल झाला, सिलिंडरची ट्रॉली झाली, कुंड्या झाल्या. प्रमिलाताई म्हणायच्या, “मी दुपारी झोपत नाही. उठेन तर करडी झालेली असेन.”

“दोन हात प्रायमर, दोन हात फिनिश,” काका म्हणाले. “आता हल्लीची पोरं काय करतात, वरच्यावर ब्रश फिरवतात. आपलं तसं नाही. रंग मारण्याच्या आधी मी काय करतो—”

“काका, ते नंतर. आधी फॉल्ट बघू.”

“बघ, बघ,” काका म्हणाले.

मी पहिलं निदान केलं. ट्रान्सफॉर्मर चालू होताना पहिला घोट मोठा घेतो. जेवायला बसलेल्या माणसाने पहिला घास मोठा घ्यावा तसा. एमसीबी कमजोर झाली असेल तर तेवढ्यानेही पडते. मी हे सगळं जरा वजनाने सांगितलं. मग प्रमिलाताईंनी इस्त्री आणून त्याच प्लगला लावली. इस्त्री त्या ट्रान्सफॉर्मरच्या कितीतरी पट वीज खाते. इस्त्री तापली. खटका हलला नाही. मी म्हणालो, “तरी बघू.”

दुसरं निदान जास्त दुखणारं होतं. वाइंडिंग आतून जळलं. म्हणजे माझ्याच हातचं काम गेलं.

“वर्कशॉपला नेऊन उघडतो,” मी म्हणालो.

न्यायचं म्हणजे उचलून. मी तो ट्रान्सफॉर्मर गरजेपेक्षा दांडगा बनवला होता, आणि त्याचं पुण्य आता माझ्या गुडघ्याला मिळणार होतं. दोन्ही बाजूंना जाड वायर लोंबत होत्या. एक प्लगची, एक सॉकेटची. मागे एकदा अशीच लोंबती वायर पायात येऊन मी एका गिऱ्हाइकाच्या जिन्यात त्याच्या सासूच्या पुढ्यात दंडवत घातला होता. तेव्हापासून मी वायर सोडवून घेतो. स्क्रू काढायच्या आधी खडूने खुणा केल्या. प्लगवाली वायर जिथे होती तिथे एक रेघ, सॉकेटवाली होती तिथे दोन रेघा. परत लावताना चूक व्हायला नको. कामात काळजी म्हणजे काळजी.

काका जिन्यापर्यंत सोडायला आले. “रंगाला ओरखडा नको येऊ देऊस. आणि ऐक, स्क्रूच्या खाली बघितलंस ना, तिथेसुद्धा मी—”

“बघतो, काका, बघतो,” म्हणत मी उतरलो.

परळहून लालबाग जवळ आहे, म्हणूनच टॅक्सीवाले येत नाहीत. “इतना नजदीक?” असं विचारून दोघे गेले. मग बरोबर आणलेल्या सुषमाच्या भाजीच्या पिशवीत ट्रान्सफॉर्मर घालून, पिशवी खांद्याला लावून मी चालत निघालो. 

जळलेलं वाइंडिंग ओळखायचं पहिलं यंत्र म्हणजे नाक. तारेवरचं वार्निश जळलं की जो वास येतो तो एकदा घेतला की माणूस विसरत नाही. पण महिना मेचा. लालबागला वर्षाचे मसाले दळायचा महिना. आमच्या गाळ्याच्या शेजारी मिरची कुटायचा डंका. मी डब्याचं झाकण काढलं, नाक आत घातलं, आणि सलग इतका शिंकलो की सुषमाने पाण्याची बाटली आणि टॉवेल दोन्ही आणून ठेवलं.

“काय वास आला?” तिने विचारलं.

“संकेश्वरी मिरचीचा.”

नाक बाद. मग डोळे. तार तांबूस, स्वच्छ, नुकतीच गुंडाळल्यासारखी. कुठे काळा डाग नाही. मग सिरीज बल्ब लावला. हा आमचा जुना आणि विश्वासू नोकर. वीज थेट न देता मध्ये एक बल्ब घालून द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो. आत सगळं ठीक असेल तर नुसता मिणमिणतो. आमचा बल्ब मिणमिणला. बल्ब काढून थेट वीज दिली. व्होल्ट मोजायचा मीटर लावला. आउटपुट शंभर, वर एखादा. चालू ठेवून चहा घेतला, परत येऊन हात लावला. कोमट. म्हणजे तब्येत उत्तम.

“बघ,” मी सुषमाला म्हणालो. “माझं वाइंडिंग आहे. असं जळत नाही.”

“मग खटका का पडला?”

“त्यांच्या घरातलं काहीतरी.”

सुषमाने डबा फिरवून पाहिला. “याच्यावर आपला स्टिकर होता ना? इनपुट, आउटपुट लिहिलेला?”

“काकांच्या रंगाखाली गेला.”

“मी तुम्हाला कधीपासून सांगतेय, पत्र्याची पाटी लावा. कागदाचा स्टिकर म्हणजे वाणसामानाच्या बरणीला शोभतो.”

“अगं, मला कशाला हवा स्टिकर? झाकण काढलं की दिसतं. बारीक तार ती दोनशे तीसची बाजू, जाड तार ती शंभरची. बाप आपल्या पोराला ओळखत नाही का?”

“सारखं डावं-उजवं बदलत असता तुम्ही. याचं इनपुट डावीकडे, त्याचं उजवीकडे. बापाला तरी काय लक्षात राहणार!”

मी झाकण बसवलं, स्क्रू आवळले, आणि खडूच्या खुणा पाहून दोन्ही वायर जागच्या जागी लावल्या. एक रेघ, प्लग. दोन रेघा, सॉकेट. हे करताना डोक्याला काही काम नव्हतं. खुणांचा तोच तर फायदा असतो.

संध्याकाळी परत परळ. या वेळी सुषमाही आली. तिला साडी बघायची होती, आणि मला वाटतं, माझी फजिती झालीच तर ती पहिल्या रांगेतून बघायची होती. सिरीज बल्बचा बोर्डही बरोबर घेतला.

दारात काकांनी “जय भीम, जय भीम, या वहिनी” म्हणून स्वागत केलं आणि आधी डब्याकडे बघितलं. “ओरखडा नाही. बरं केलंस.”

मी टेबलावर ट्रान्सफॉर्मर ठेवला. थाटात प्लग लावला. “वर्कशॉपला तासभर चालवलाय,” मी जाहीर केलं. “एकदम फर्स्ट क्लास.” बटण दाबलं.

टक्!

अंधार नव्हता, पण पंखा थांबल्यावर जी शांतता होते ती झाली. त्या शांततेत सुषमाने घसा खाकरला.

“करू वर?” काकांनी स्टूल ओढलं.

“तुझा यंत्र बरा आसा म्हणा,” सुषमा हळूच मला म्हणाली, “तू बरो आसस मां?” माझी बायको एरवी मला अहो-जाहो करते. एकेरीवर आणि मालवणीवर आली, की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

प्रमिलाताईंनी पलंगावरची साडी अलगद घडी करायला घेतली. मला त्या घडीने सगळ्यात जास्त बोचलं. माणूस आशा सोडतो तेव्हा आवराआवर करायला लागतो. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “एक काठ भरलाय तेवढा पुढे दिसेल असा नेसवू. पदर पिन करून मागे घेऊ. शलाका काही बोलणार नाही. ती कधीच काही बोलत नाही.”

“थांबा हो ताई,” सुषमा म्हणाली. “ह्यांना उशिरा समजतं, पण समजतं.” माझ्या संसारातलं मला मिळालेलं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्रक.

मी सिरीज बल्ब लावला. काकांनी खटका वर केला. बटण दाबलं. वर्कशॉपमध्ये मिणमिणणारा बल्ब इथे चांगला झगझगीत पेटला. ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागला. तोच बल्ब, तोच ट्रान्सफॉर्मर, लालबागला शांत आणि परळला संतापलेला. मी मीटर घेऊन आउटपुटच्या सॉकेटला लावला. शंभर यायला हवे. बल्बने वीज अडवलेली, म्हणजे शंभरच्याही खालीच यायला हवे.

मीटरने दाखवलं, दोनशे साठ.

मी मीटर हलवला. दोनशे साठ. मीटरची बॅटरी गेली असेल म्हणून भिंतीतल्या प्लगला लावून पाहिला. तिथे दोनशे तीस, बरोबर. म्हणजे माझा ट्रान्सफॉर्मर घरातली वीज घेऊन, तीही बल्बने अर्धवट अडवलेली, वर स्वतःच्या खिशातली भर घालून परत देत होता. इतका दानशूर ट्रान्सफॉर्मर मी बनवला नव्हता. बनवता आला असता तर मी लालबागला राहिलो नसतो.

मी सगळं बंद केलं आणि खुर्चीत बसलो. माझ्याकडची निदानं संपली होती. प्रमिलाताईंनी, पाहुणा म्हणून, चहा आणि खारीची बशी पुढे ठेवली. मी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. एक खारी बुडवली आणि अख्खी तोंडात घातली.

“कंटाळलास परबा,” काका प्रेमाने म्हणाले. “होतं असं. आमच्या गोदीतपण व्हायचं. पण काम बघ, कामात लबाडी नको. आता हाच डबा घे. दुसरा कोणी असता तर वायरीसकट रंग मारून मोकळा झाला असता. वायरीवर शिंतोडे, स्क्रूच्या खाचेत रंग. मी तसा नाही. मी आधी सगळं सुटं करतो.”

माझ्या तोंडात खारी होती. खारी ही अशी वस्तू आहे की ती तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही. बोललं तर समोरच्याच्या शर्टावर जाते. म्हणून मी त्या दिवसात पहिल्यांदा काकांना मध्ये तोडलं नाही.

“दोन्ही वायरी सोडवल्या,” काका पुढे म्हणाले. “स्क्रू रॉकेलमध्ये टाकले. डबा घासला. स्टिकर होता एक कागदाचा, तो खरवडून काढला, कागदावर रंग धरत नाही. मग दोन हात प्रायमर, दोन हात फिनिश, दोन दिवस वाळवला. आणि परत जशाच्या तशा वायरी जोडल्या. दोन्हीकडे दोन-दोन स्क्रू, सारखेच. एक इकडे, एक तिकडे.”

मी खारी गिळली. न चावता.

“काका, कुठली इकडे आणि कुठली तिकडे?”

“त्यात काय? एक ही आणि एक ती.” काका थांबले. “का रे?”

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि झाकण काढलं. बारीक तार, दोनशे तीसची बाजू, तिथून निघत होतं सॉकेट. जाड तार, शंभरची बाजू, तिला लावला होता भिंतीचा प्लग. उलटं. काकांनी उलटं लावलं होतं, आणि मी ते खडूने खुणा करून, अतिशय काळजीपूर्वक, जसंच्या तसं उलटं परत लावलं होतं. वर्कशॉपमध्ये मी वायर बाजूला ठेवून, पोराला ओळखून, बरोबर बाजूला वीज देत होतो. म्हणून तिथे तो गुणी आणि इथे उंडगा.

“म्हणजे काय झालं ते नीट सांग,” प्रमिलाताई म्हणाल्या. साडीची घडी त्यांच्या हातात अर्धीच राहिली होती.

मी सांगितलं. ट्रान्सफॉर्मरला स्वतःला इनपुट कुठलं आणि आउटपुट कुठलं ते माहीत नसतं. तो तुमच्या चाळीच्या जिन्यासारखा आहे. वरून पाय ठेवलात की खाली नेतो, खालून ठेवलात की वर नेतो. जिन्याचा त्यात काही दोष नसतो. दोनशे तीसच्या बाजूने शिरलो तर शंभरवर उतरतो. पण शंभरच्या बाजूने दोनशे तीस घुसवले, तर तो त्याच हिशोबाने वर चढतो. दोनशे तीसच्याही सव्वादोन पट.

“म्हणजे किती?” सुषमाने विचारलं.

“पाचशेच्या वर.”

“माझ्या मशीनला?” प्रमिलाताई खाली बसल्या.

“गेले असते, जर खटका लगेच पडला नसता तर. शंभरच्या गुंडाळीत दोनशे तीस कोंबले की ती भलताच करंट ओढायला लागते, म्हणून एमसीबी पडत होती. ती बिचारी दिवसभर आपलं रक्षण करत होती आणि मी तिलाच कमजोर म्हणत होतो.”

काका स्टुलावर बसले होते. ते एकदम लहान दिसायला लागले. “म्हणजे शलाकाच्या साडीचं काम मी घालवलं?”

“अजून काही गेलेलं नाही, काका.” हे मी बोललो खरं, पण मला माहीत नव्हतं. सकाळी पहिल्यांदा खटका पडला तेव्हा मशीन जोडलेलं होतं. खटका किती झटकन पडला आणि तेवढ्यात आत काय गेलं, हे कोण सांगणार?

“ताई, सकाळी तुम्ही काय काय केलंत? एकेक सांगा.” या वेळी मी सावधगिरी म्हणून हातात दुसरी खारी धरून ठेवली.

“काय करायचं? पान अर्धं ठेवून यांना रंगाला डबा दिला होता, तो आज सकाळी परत मिळाला. मशीनचं बटण बंद आहे ना ते बघितलं. मग प्लग लावला. मग भिंतीचं बटण दाबलं, तर हा टक् झाला.”

“मशीनचं बटण बंद होतं? नक्की?”

“म्हणजे काय! आयुष्य हॉस्पिटलच्या नोकरीत गेलं माझं. कुठलंही मशीन लावायचं तर आधी त्याचं बटण बंद, मग प्लग, मग भिंत, मग मशीन. आमच्या मेट्रन या एका गोष्टीवरून नव्या पोरींना रडवायच्या. मी मिक्सर पण तसाच लावते.”

“खरं आहे,” काका क्षीण आवाजात म्हणाले. “टीव्हीपण तसाच लावायला लावते.”

मी दोन्ही वायर काढून अदलाबदल केली. बल्ब लावला. मिणमिणला. बल्ब काढला. काका स्टुलावर चढले, पण “करू वर?” म्हणाले नाहीत. खटका आधीच वर होता. तो तिथेच राहिला. पंखा फिरत राहिला. मीटर लावला. शंभर, वर एखादा.

“आता मशीन,” मी म्हणालो. आमचा नियम आहे, आउटपुट मोजल्याशिवाय गिऱ्हाइकाची वस्तू जोडायची नाही. मोजलं होतं. तरी माझा हात पुढे होईना. प्रमिलाताईंनीच मशीनची वायर सॉकेटमध्ये लावली. भिंतीचं बटण. खटका शांत. मग त्यांनी मशीनच्या बटणावर बोट ठेवलं आणि क्षणभर तसंच ठेवलं.

दाबलं.

मशीनचा छोटा पडदा निळा झाला. एक बारीक पीं आवाज आला. आत काहीतरी सरकलं, सुई वर जाऊन आपल्या जागी थांबली, आणि पडद्यावर ते अर्धं पिंपळपान दिसलं. जिथे थांबलं होतं तिथेच.

सुषमाने टाळ्या वाजवल्या. काकांनी स्टुलावरूनच दोन्ही हात वर केले आणि प्रमिलाताई ओरडल्या, “उतरा आधी!” मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले आणि हसता हसताच नवऱ्याला म्हणाल्या, “बाईच्या जातीने मशीन लावायची रीत ठेवली म्हणून वाचलं. नाहीतर तुमच्या प्रायमरने घात केला होता माझा.”

“चुकलंच,” काका म्हणाले. “पण रंग कसा बसलाय ते बघ.”

साडी पुन्हा पसरली गेली. सुई चालायला लागली तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पाऊस नव्हे, पैंजण नव्हे, कोणीतरी भराभर चणे खात असल्यासारखा आवाज. अर्ध्या पानाचं अख्खं पान झालं. जोड कुठे आहे ते मला दिसलं नाही. सुषमा चष्मा लावून शोधत होती, तिलाही नाही.

निघताना प्रमिलाताई नवऱ्याला म्हणाल्या, “बसलात काय? तुमच्या त्या बोटीच्या अक्षरांनी लिहा त्याच्यावर. आत कुठलं, बाहेर कुठलं. पुन्हा माझ्या नशिबी हे नको.”

काकांनी कपाटावरून ब्रशांची जुनी पिशवी काढली. त्यात एक ब्रश इतका बारीक की दाढीचा केस काढून बांधल्यासारखा. करड्या डब्यावर त्यांनी पांढऱ्या रंगात, न आखता, सरळ रेषेत लिहिलं, “इकडून २३० आत” आणि “इकडून १०० बाहेर”. अशी अक्षरं मी बोटींच्या नाकाडावर लांबून पाहिली होती. मध्ये बाण काढला. मग जरा लांब होऊन पाहिलं आणि बाणाला सावली दिली.

रविवारी आम्ही लग्नाला गेलो. शलाका ती साडी नेसून उभी होती, दोन्ही काठ भरलेले, पदरावर एक मोठं पिंपळपान. ती खरंच कमी बोलते. तिने फक्त पदर पुढे घेऊन आत्याला दाखवला, जणू आत्याने तो पाहिलाच नव्हता. सुषमाने तिथेच शेजारच्या बाईला सगळी हकीकत सांगितली. तिच्या हकीकतीत ट्रान्सफॉर्मर बारीकसारीक होता आणि मी बराच मोठा होतो, मूर्ख म्हणून.

त्यानंतर मी कागदाचे स्टिकर बंद केले. पत्र्याची पाटीही लावली नाही, म्हणजे सुषमाचं पूर्ण ऐकल्यासारखं व्हायला नको. आठवड्यातून एक दिवस जाधवकाका लालबागला येतात, तयार ट्रान्सफॉर्मरवर अक्षरं काढतात, बाणाला सावली देतात. सगळ्यांचं इनपुट आता डावीकडे असतं, त्यांचीच अट आहे. अक्षरं झाली की उरलेल्या रंगाने काही ना काही रंगवून जातात. माझं टेबल, पंख्याचा दांडा आणि सिरीज बल्बचा बोर्ड करडा झालाय. परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं, “हे बोटीवरचं सामान आहे का?”

बाकी या प्रकरणातून मी एकच शिकलो. वस्तू बिघडली की शेवटचा हात कोणाचा लागला ते शोधावं, आणि तो माणूस बोलायला लागला की आपण बोलू नये. हे मला आपणहून जमत नाही. म्हणून वर्कशॉपमध्ये मी खारीचा डबा ठेवलाय. गिऱ्हाइकाने “काय झालं माहितीये का” म्हटलं, की एक तोंडात टाकतो.

सुषमाने तसाच एक डबा घरीही आणून ठेवलाय. तिला काही सांगायचं असलं की ती आधी बशी पुढे सरकवते.